एका काळ्या दाताची बखर

मंडळी, सुरुवात घरातल्याच एका गोष्टीने करतो.

माझ्या आत्याच्या लग्नाचा अल्बम आमच्या साताऱ्याच्या घरी अजून आहे. १९७६ सालचा. कृष्णधवल फोटो, मधे मधे तो जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. अख्ख्या अल्बममध्ये आत्या एकदाही हसलेली नाही. लहानपणी मला वाटायचं की नवरीने हसायचं नसतं, तसा नियमच असणार. खरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. बारा वर्षांची असताना ती परसातल्या विहिरीच्या पायरीवर घसरून तोंडावर पडली होती. ओठ फाटला, वरचा समोरचा दात जरासा हलला. आजीने हळद दाबली, आठवड्याभरात सगळे विसरूनही गेले. तीन-चार महिन्यांनी तो दात आधी मळकट दिसू लागला, मग राखाडी, आणि वर्षाच्या आत काळपट. दुखत मात्र कधीच नव्हता.

पुढे स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा एका ठिकाणाहून "मुलीच्या तोंडात दोष आहे" असा निरोप आला. आजोबांनी काही न बोलता तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, दात काढून घेतला आणि तिथे एका दाताची प्लेट बसवली. दोष गेला, लग्न झालं. पण ओठ मिटून हसायची सवय आत्याला लागली ती लागलीच.

ही गोष्ट मी विसरलो होतो. गेल्या वर्षी जूनमध्ये इथे रेडिंगला माझी बारा वर्षांची मुलगी स्विमिंग पूलच्या काठावर आपटली आणि तीन आठवड्यांनी तिचा वरचा डावा पटाशीचा दात राखाडी दिसायला लागला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारून तो दाताला लावून बघितला (दाताने काही दाद दिली नाही), आणि शांतपणे म्हणाल्या, "आपण थांबू या." आता मी पडलो आयटीवाला. सर्व्हरवर लाल दिवा लागलाय आणि समोरचा माणूस "थांबू या" म्हणतोय, हे आमच्या धंद्यात चालत नाही! घरी आलो, मुलगी झोपल्यावर वाचायला बसलो, आणि पुढचे काही महिने वाचतच राहिलो. मी दाताचा डॉक्टर नाही, इतिहासकार तर नाहीच नाही. पण मार लागून काळा पडलेला दात या एवढ्याशा विषयाला इतका मोठा इतिहास असेल असं मला वाटलं नव्हतं. तो तुम्हाला सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी दात काळा का पडतो ते बघू. दाताच्या पोटात एक पोकळी असते आणि तिच्यात मऊ गाभा असतो. आपण त्याला ढोबळपणे 'नस' म्हणतो, पण त्यात नसेबरोबर रक्तवाहिन्या आणि जिवंत पेशीही असतात. हा सगळा पुरवठा मुळाच्या टोकाच्या एका बारीक भोकातून आत येतो. जोराचा मार लागला की दात तुटला नाही तरी त्या टोकाशी रक्तवाहिन्या चिरडतात किंवा तुटतात. आतल्या आत रक्त सांडतं. गाभ्याभोवतीच्या डेंटिनमध्ये हजारो अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांत ते झिरपतं. तिथे हिमोग्लोबिन मोडतं, त्यातल्या लोहाची गडद रंगाची संयुगं होतात, आणि वरच्या अर्धपारदर्शक एनॅमलमधून तो काळेपणा बाहेर दिसू लागतो. म्हणजे हा रंग बाहेरून लागलेला नाही, कितीही घासला तरी जाणार नाही. हा आतला मुका मार आहे.

आता गंमत बघा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, सोळाव्या अध्यायात, दातांच्या रोगांची यादी आहे आणि तिच्यात 'श्यावदंतक' नावाचा रोग आहे. श्याव म्हणजे सावळा, काळपट. त्याचं कारण काय दिलंय? रक्तमिश्रित पित्ताने दात पूर्ण जळतो आणि सावळा किंवा निळा पडतो. 'पित्त' बाजूला ठेवा, पण रक्ताचा संबंध त्या माणसाने बरोबर पकडला होता. आपल्या पूर्वजांना सगळंच माहीत होतं अशातला मी नाही. एक्स-रे नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि तरी ज्याने हे लिहिलं त्याने असे दात नीट निरखले असणार एवढंच मी म्हणतो. तितक्याच प्रामाणिकपणे पुढे चिकित्सेच्या भागात सांगून टाकलंय की श्यावदंतक असाध्य आहे. उपाय नाही.

वैद्याने हात टेकले, पण धर्मशास्त्र गप्प बसलं नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मागच्या पापांच्या खुणा अंगावर कशा उमटतात याची यादी आहे. सोनं चोरणाऱ्याची नखं खराब होतात, आणि दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये त्यांत काळ्या दाताचा माणूस आहे. विहिरीच्या पायरीवर घसरलेल्या बारा वर्षांच्या मुलीने कुठल्या जन्मी दारू प्यायली होती कोण जाणे! आत्याला निरोप पाठवणाऱ्यांनी मनुस्मृती वाचली असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण 'तोंडात दोष' हा शब्द कुठून येतो ते मला वाचताना कळलं.

यातला आणखी एक विनोद म्हणजे त्याच समाजात दातवण लावून मुद्दाम दात काळे करणाऱ्या बायकाही होत्या. जपानमध्ये तर ते शतकानुशतकं सौंदर्याचं लक्षण होतं. तिथे लोखंड आंबट द्रावणात विरघळवून, त्यात तुरट पूड मिसळून दातांना लावत. १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञीने ते बंद केलं आणि मग चाल मागे पडली. इथेही काळा रंग लोहाचाच, फक्त बाहेरून लावलेला. सगळे दात काळे असले तर शृंगार, एकच काळा असला तर खोट.

युरोपात काय चाललं होतं? अठराव्या शतकापर्यंत एकच उपाय, पक्कड. दात उपटायचा आणि परवडत असेल तर तिथे दुसरा बसवायचा. दुसरा म्हणजे हस्तिदंताचा, नाहीतर चक्क दुसऱ्या माणसाचा. लंडनचा प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर याने १७७१ मध्ये दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून तो तिथे धरतो का हे पाहिलं होतं. तो तुरा लंडनला लिंकन्स इन फील्ड्समधल्या हंटेरियन म्युझियममध्ये आहे. २०२३ मध्ये ते म्युझियम पुन्हा उघडलंय, मुलांना घेऊन जरूर जा (जेवणाच्या आधी नको). हंटरच्या काळात श्रीमंतांच्या तोंडात बसवायला गरीब पोरांचे दात पैसे देऊन तिथल्या तिथे उपटत. १७८७ मध्ये रोलंडसनने यावर एक बोचरं व्यंगचित्र काढलं. त्यात धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात एका सजलेल्या बाईसाठी काढणं चालू आहे. एकाच्या हसण्यासाठी दुसऱ्याचं हसणं विकत घेणं, हे त्या काळी अगदी उजळ माथ्याने चालायचं.

पण हंटरसारख्यांच्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट हळूहळू उमगत गेली. दाताला दोन संसार असतात. एक पोटातला गाभा, आणि दुसरा मुळाभोवतीचा, त्याला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंचा. गाभा मेला तरी बाहेरचे तंतू जिवंत राहू शकतात, आणि मग तो 'मेलेला' दात जबड्यात पन्नास वर्षंसुद्धा चावायचं काम करतो. म्हणजे काळा दात उपटायलाच हवा असं नाही. आत साफ करून भरता आला पाहिजे, आणि रंग काढता आला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच सुरू झाल्या, आणि दोन्ही दाताशी काडीचा संबंध नसलेल्या धंद्यांतून आल्या.

आतून साफ करायचं हत्यार आलं घड्याळजीकडून. १८३८ मध्ये एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून तिची बारीक लवचिक सुई केली आणि मुळाच्या नळीतून गाभा ओढून काढला. (हाच मेनार्ड पुढे बंदुकांच्या शोधांसाठी जास्त गाजला. साइड प्रोजेक्ट म्हणतात ते हेच.) आता रिकाम्या नळीत भरायचं काय? इथे मला खरी मजा आली. मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक वाळवून 'गटापर्चा' नावाचा पदार्थ होतो. सिंगापूरमधल्या डॉक्टर माँटगोमरीने १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट, पाण्याने न कुजणारा आणि वीज न वाहू देणारा. तारायंत्रवाल्यांनी तो लगेच उचलला. समुद्राखालच्या तारांवर गटापर्चाचं वेष्टण चढवून १८५१ मध्ये डोव्हर ते कॅले तार टाकली, आणि १८७० मध्ये कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोपासून थेट मुंबईपर्यंत. आपण आज साताऱ्याला व्हिडिओ कॉल करतो त्याची ती पणजी! त्या दोन तारांच्या मधल्या काळात, १८६७ मध्ये, सेंट लुईसच्या बोमनने तोच गटापर्चा दाताच्या मुळात भरायला सुरुवात केली. समुद्राखालून तो केव्हाच गेला, पॉलिथिनने त्याची जागा घेतली. दातात मात्र अजून आहे. तुमच्यापैकी ज्यांचं रूट कॅनाल झालंय त्यांच्या तोंडात आत्ता या क्षणी मुंबईच्या तारेचं वेष्टण आहे. मी टेलिकॉमच्या प्रोजेक्टवर चार वर्षं घालवली, पण हे मला दातावर वाचताना कळलं.

रंग काढायची युक्ती आली कापडगिरण्यांतून. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये ब्लिचिंग पावडरचं पेटंट घेतलं. त्याआधी कापड पांढरं करायला उन्हात कुरणांवर आठवडेच्या आठवडे पसरून ठेवावं लागे, आता काम झटपट व्हायला लागलं. १८५० च्या सुमारास अमेरिकेत हीच पावडर गाभा मेलेल्या दातात भरून पाहायला सुरुवात झाली होती. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेम्स ट्रूमनने तिच्याबरोबर अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, वापरून दाताच्या पोकळीतच क्लोरीन वायू सोडायची पद्धत बसवली. जो क्लोरीन आपण पोहायच्या तलावात नाकाला झोंबतो म्हणून कुरकुरतो, तो दाताच्या आत! आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बार्नमने दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा आणला, त्यामुळे निदान तोंडाचा बाकीचा भाग वाचू लागला. पुढे १८८४ मध्ये हार्लनने हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्याचं नोंदवलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत रसायन मूळचं तेच आहे. पेरॉक्साइडमधून सुटलेला ऑक्सिजन त्या गडद रेणूंना तोडतो, तुकडे लहान होतात आणि रंग फिकटतो. बस, एवढंच तत्त्व. कपड्यावरचा डाग आणि दातातला डाग यांत रसायनाला फरक दिसत नाही.

म्हणजे १९०० सालापर्यंत काळ्या दातावरचे दोन्ही उपाय हातात होते. मग आत्याचा दात १९७० च्या दशकात उपटला का गेला? केवळ गाव लहान होतं म्हणून? तेही एक कारण आहेच. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी कलकत्त्यात काढलं ते १९२० मध्ये, मुंबईचं नायर १९३३ मध्ये, त्यामुळे खेडोपाडी दाताचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा, असाच हिशेब होता. पण मोठं कारण मला वाटतं वेगळं आहे, आणि ते खुद्द लंडनहून निघालं.

१९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या लंडनच्या डॉक्टरने (हा वेगळा हंटर, जॉन नव्हे) माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक भाषण दिलं. त्याचा रोख होता सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यकावर. तोंडातला असा साठलेला पू शरीरभर विष पसरवतो आणि त्यातून सांधेदुखीपासून अॅनिमियापर्यंत काहीही होतं, असं त्याचं म्हणणं. त्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती, त्या काळी टोप्यांखाली खरोखरच घाण असायची. पण त्या म्हणण्याचं लोण झालं. 'फोकल इन्फेक्शन' हा परवलीचा शब्द झाला. गाभा मेलेला प्रत्येक दात संशयित ठरला, मग तो दुखो वा न दुखो. १८९६ पासून दातांचे एक्स-रे काढता येऊ लागले होते. मुळाच्या टोकाशी जराशी सावली दिसली की दात बाहेर! न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाच्या डॉक्टरने वेड बरं करायला रुग्णांचे दात काढण्याचा सपाटा लावला, आणि दातांवरच थांबला नाही, टॉन्सिल आणि आतड्यांपर्यंत गेला. माणसं दगावली. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तो लपूनछपून करत नव्हता. त्याची तारीफ करणारेही होते.

१९३० च्या दशकाच्या शेवटी खुद्द या मताच्या समर्थकांनीच आकडे तपासायला घेतले. १९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी सांधेदुखीचे दोनशे रुग्ण तपासून सांगितलं की दात आणि टॉन्सिल काढून फायदा दिसत नाही. पण तोपर्यंत पाव शतक गेलं होतं. 'मेलेला दात म्हणजे विष' हे लोकांच्या मनात बसलं ते बसलंच. इथे इंग्लंडमध्ये सगळेच दात काढून कवळी बसवणं हे शहाणपणाचं समजत. १९४८ मध्ये एनएचएस सुरू झाल्यावर कवळ्यांना एवढी मागणी आली की १९५१ मध्ये सरकारला त्यांच्यावर शुल्क लावावं लागलं, आणि एनएचएसचा जनक अॅन्युरिन बेव्हन त्या शुल्काच्या निषेधार्थ मंत्रिमंडळातून बाहेर पडला. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. सदतीस टक्के! तेव्हा आजोबांना आणि त्या डॉक्टरांना मी तरी दोष देत नाही. लंडनमध्येही कदाचित हेच झालं असतं.

चुटपुट लागते ती तारखांची. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पासरने एक साधी पद्धत छापली. रूट कॅनाल झालेल्या दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेटची पूड पाण्यात कालवून भरायची, वरून तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि पेशंटला घरी पाठवायचं. पूड आत हळूहळू काम करत राहते, काही दिवसांनी बदलायची, दोन-चार फेऱ्यांत रंग परत येतो. १९६३ मध्ये नटिंग आणि पो यांनी पाण्याऐवजी पेरॉक्साइड घातलं आणि त्याला 'वॉकिंग ब्लीच' हे नाव दिलं, कारण पेशंट हिंडत-फिरत असतो आणि काम चालू असतं. आम्ही ज्याला बॅकग्राउंड प्रोसेस म्हणतो, तेच. आणि सोडियम परबोरेट काही दुर्मीळ औषध नव्हे. १९०७ मध्ये जर्मनीत निघालेल्या 'पर्सिल' या कपड्याच्या पावडरीच्या नावातलं 'पर' म्हणजे परबोरेटच. आत्या घसरली ती १९६७ मध्ये. म्हणजे उपाय तेव्हा छापून सहा वर्षं झाली होती आणि रसायन कपडे धुवायच्या पावडरीत होतं.

अर्थात त्या काळातला सगळाच उपाय निर्धोक होता असंही नाही. घाई करणारे लोक तेव्हाही होते. तीस टक्क्यांचं जालीम पेरॉक्साइड दातात घालून वरून दिवा किंवा तापवलेलं हत्यार धरायचं, म्हणजे आठवड्यांचं काम तासात होतं, ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली होती. १९७९ मध्ये हॅरिंग्टन आणि नॅटकिन या दोघांनी अशा काही रुग्णांची हकीकत छापली. ब्लीचनंतर काही वर्षांनी हिरडीच्या कडेपाशी दाताचं मूळ बाहेरून खचत गेलं होतं, जणू शरीरच त्याला कुरतडत होतं. पेरॉक्साइड डेंटिनच्या त्या सूक्ष्म नळ्यांतून बाहेर झिरपून मुळाभोवतीच्या तंतूंना जाळत असावं, असा त्यांचा कयास होता. आठवतंय ना, दाताचे दोन संसार? आतला मेलेला पांढरा करायच्या नादात बाहेरचा जिवंत मारला जात होता. त्यानंतर मुळाच्या तोंडाशी आधी सिमेंटचा बांध घालायचा आणि उष्णता टाळायची, हे नियम रुजले.

आता 'थांबू या' कडे येतो. हा शब्द मुख्यतः कोपनहेगनहून आला. येन्स आंद्रेयासन या डॅनिश सर्जनने दातांना लागलेल्या माराचा आयुष्यभर अभ्यास केला. १९७२ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला, २०२० मध्ये तो वारला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मार लागलेले दात वर्षानुवर्षं परत परत तपासले, आणि जे दिसलं ते आजवरच्या समजुतीच्या विरुद्ध होतं. मार लागल्यावर दात थंडाला प्रतिसाद देत नाही, म्हणजे तो मेलाच असं नाही. नस बधिर झालेली असते, जागी व्हायला तीन महिने किंवा जास्तही लागतात. राखाडी झालेला दात कधीकधी आपोआप परत पूर्वीसारखा होतो. पिवळट झाला तर बहुधा आतला गाभा जिवंत असून तो आपली पोकळी डेंटिनने भरत आणत असतो. थोडक्यात, नुसता रंग हा पुरावा नव्हे. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, आणि लहानग्यांच्या दुधाच्या दाताबाबत तर फक्त रंग बदलला म्हणून काही करू नका, इन्फेक्शनची खूण दिसली तरच करा, असं स्पष्ट म्हणतात. मंडळातल्या धडपडणाऱ्या छोट्यांच्या आयांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आमच्या बाबतीत मात्र थांबण्याचा शेवट गोड झाला नाही. ऑक्टोबरमध्ये दात आणखी गडद झाला, थंडाला अजून दाद नाही, आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी सावली दिसली. आता एकच नव्हे, दोन-तीन पुरावे एकत्र आले होते. रूट कॅनाल झालं, गटापर्चा भरला. पण रंग तसाच. शाळेत एका मुलाने तिला काहीतरी नाव ठेवलं होतं, ते तिने आम्हाला सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. आणि एक दिवस शाळेचा फोटो आला. ओठ मिटलेले. मी तो फोटो हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

डॉक्टरीणबाईंना ब्लीचबद्दल विचारलं तर त्यांनी आधी कायदा समजावला. युरोपियन युनियनच्या नियमानुसार ३१ ऑक्टोबर २०१२ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइडचं दात पांढरे करायचं काहीही अठरा वर्षांखालच्यांना वापरायला बंदी आली, आणि ब्रिटनने बाहेर पडल्यावरही ती ठेवली. हेतू चांगलाच होता, पोरांनी चमकदार हसण्याच्या नादी लागू नये. पण नियम करणाऱ्यांनी दात पांढरा करणं म्हणजे फक्त नटणं, असं धरलं. मार लागून काळा पडलेला एकच दात त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. मग अशा मुलांसाठी मार्ग उरला तो चांगला दात कोरून वर कवच किंवा टोपी बसवायचा, म्हणजे कमी इजेचा उपाय बंद आणि जास्त इजेचा चालू! दंतवैद्यांनी बरीच ओरड केली. शेवटी २०१४ मध्ये जनरल डेंटल कौन्सिलने भूमिका स्पष्ट केली की उपचार निव्वळ रोगासाठी असेल तर अठरा वर्षांखालीही सहा टक्क्यांपर्यंत वापरता येईल. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कागदांत मार कधी लागला, एक्स-रे कुठले, कारण काय, हे सगळं सविस्तर नोंदवलं आणि आमच्या सह्या घेतल्या. आजोबांनी न बोलता एका दुपारी जे उरकलं, त्याची इथे तीन पानी फाइल झाली.

पुढचं काम अगदीच मामुली निघालं. आत बांध घातला, पोकळीत कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल भरली (परबोरेट आता युरोपात बोरॉनवरच्या निर्बंधांमुळे मागे पडलंय), वरून तात्पुरतं सिमेंट. अशा तीन फेऱ्या. दुखलं नाही. दुसऱ्या फेरीनंतर मुलगी रोज सकाळी आरशासमोर उभी राहायची आणि मी ऑफिसच्या कॉलवर असलो तरी येऊन दात दाखवून जायची. तिसऱ्या फेरीला पोकळी कायमची बंद केली. रंग पुन्हा थोडा उतरू शकतो, काही वर्षांनी परत करावं लागेल, हे त्यांनी आधीच सांगितलंय. वर्षातून एकदा एक्स-रे आहेच.

मार्चमध्ये आत्याशी व्हिडिओ कॉल झाला. इतके दिवस आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं, पूल, काळा दात, फाइल, जेल. ती ऐकून घेत होती, मधे "बाई गं" एवढंच. मग म्हणाली, "तिला बोलाव इकडे." मुलगी आली. आत्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि फोन अगदी तोंडाजवळ धरला, नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"आ कर बघू."

मुलीने "ईऽऽ" करून सगळे दात दाखवले. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"त्यातला कुठला गं?"